उदाहरणादाखल आमची बिल्डिंग

उल्हासनगरच्या अख्ख्या कॅम्प चारमध्ये पालिकेवर मनापासून प्रेम करणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. बाकी सगळी दुनिया पालिकेच्या नावाने बोटं मोडायची. पाणी आलं नाही म्हणून मोडायची आणि आलं तर गढूळ आलं म्हणून मोडायची. काका बोटं मोडत नसत, ते सूचना करत. "अरे, पालिका वाईट नाही," ते म्हणायचे, "तिला कोणी नीट समजावून सांगितलेलं नाही." अंबरनाथच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं त्यांनी तयार माल तपासून पास की रिजेक्ट ते ठरवलं होतं. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी शहर तपासायला घेतलं. काकू गेल्या होत्या, मुलगी लग्न होऊन बदलापूरला गेली होती. घरात काका, एक टेबल, एक पंचिंग मशीन आणि फायलीच फायली. सगळी बिल्डिंग त्यांना हरकतकाका म्हणायची. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

आमचा पेपर भागीदारीतला होता. आधी काकांकडे, मग आमच्याकडे. काका क्रिकेट, खून, राजकारण काही वाचत नसत. ते थेट आतल्या पानावरच्या जाहीर सूचनांकडे जात. 'नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना तीस दिवसांच्या आत लेखी सादर कराव्यात' एवढं वाक्य दिसलं की त्यांना लग्नाचं आमंत्रण आल्यासारखं व्हायचं आणि कात्री बाहेर निघायची. त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या पेपराला खिडक्या असत. एकदा भारत मॅच जिंकला की हरला हे मला ऑफिसात जाऊन विचारावं लागलं, कारण त्या बातमीच्या पाठीमागे भुयारी गटार योजना होती.

अर्ज देणं त्यांच्या लेखी निम्मंच काम. खरं काम पोच घेणं. दुसऱ्या प्रतीवर 'आवक' असा गोल जांभळा शिक्का, खाली तारीख आणि सही असल्याशिवाय ते प्रभाग कार्यालयाची पायरी उतरत नसत. शिक्का पुसट आला की म्हणायचे, "बाई, हा दिवाळीपर्यंत दिसणार नाही. परत मारा." शेवटी आवक-जावकच्या बाईंनी त्यांच्यासाठी म्हणून एक ओलं शाईपॅड वेगळं काढून ठेवलं. मुलीच्या लग्नाची पत्रिका तिथल्या साहेबांना द्यायला गेले, तेव्हाही दुसऱ्या पत्रिकेवर पोच घेऊन आले. नवरा-नवरीच्या नावांवर 'आवक' असा शिक्का! जावयाने ती पत्रिका पाहिली आणि नीट घडी करून परत दिली, भला माणूस आहे. मी मात्र पोट धरून हसलो. तेव्हा काका टेबलावरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बघत शांतपणे म्हणाले, "हस, हस. आपल्या बापजाद्यांचं म्हणणं कोणी ऐकूनच घेतलं नाही रे. आता ऐकलं म्हणून तारीख घालून लिहून देतात. ते सोडू मी?" माझं हसू तिथल्या तिथे आटलं.

आणि सूचना तरी किती! 'जेवणाची सुट्टी' या पाटीवर सुट्टी किती वाजता संपते तेही लिहावं. फाईल कुठल्या टेबलावर किती दिवस होती हे फायलीच्या पुठ्ठ्यावर बाहेरून दिसावं, म्हणजे टेबलाला लाज वाटेल. रस्ता करणारे, पाणी देणारे आणि फोनच्या तारा टाकणारे यांना वर्षातून एकदा एका खोलीत बसवावं आणि खणण्याचं काय ते एकदाच ठरल्याशिवाय बाहेर सोडू नये. इंजिनियरने आपल्याच प्रभागात घर घेऊन राहावं, तेही पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर यांचा कारभार एकत्र करावा, कारण नाल्याला हद्द कळत नाही. या शेवटच्या विषयावर एकदा सुनावणी निघाली. काका इस्त्रीचा शर्ट घालून गेले, सोबत मला नेलं. हॉलमध्ये शंभर खुर्च्या, तीन अधिकारी आणि आम्ही दोघं. साहेबांनी विचारलं, "हरकत कोणाची आहे?" काका उभे राहिले, "माझी." "आणि सूचना कोणाची आहे?" "तीपण माझीच." साहेबांनी चहा मागवला. काका महिनाभर त्या चहाबद्दल सांगत होते.

हे सगळं गमतीचं होतं, पण त्यामागे जे होतं ते गमतीचं नव्हतं. काका घाबरट होते. साधेसुधे नाही, अट्टल. जगातली प्रत्येक गोष्ट आत्ता पडणार आहे अशी त्यांची पक्की खात्री होती. बाल्कन्यांखालून ते कधी चालत नसत, रस्त्याच्या मधून चालत आणि रिक्षावाल्यांच्या शिव्या खात. कोणाच्या घरी गेले तर बसायच्या आधी विचारायचे, "बिल्डिंग कधीची?" लग्नाच्या हॉलमध्ये सगळे नवरीकडे बघायचे, काका छताकडे. खिशात एक बोटाएवढी हातोडी असायची, कारखान्यातली. रोज सकाळी खाली उतरले की जिन्यालगतच्या खांबावर ती तीनदा ठोकायची, कान लावायचा, आणि तोंड पाडून दूध आणायला जायचं. मी विचारलं, "काय म्हणतोय खांब?" तर म्हणायचे, "बोलत नाही रे. हीच तर काळजी आहे. चांगला खांब बोलतो."

ही काळजी म्हणजे खोकल्यासारखी, एकाला झाली की घरभर होते. आमच्याकडे मुलगी झाली त्या वर्षी मलाही भेगा दिसायला लागल्या. आधी त्या नव्हत्या असं नाही, पण आधी मी वर बघत नव्हतो. एक दिवस आई भाकऱ्या थापत होती आणि परातीत छताचा पोपडा पडला. आईने तो उचलून फेकला आणि पुढची भाकरी थापली. मी पाळणा खिडकीपासून दाराकडे सरकवला. आठवड्याने दाराकडून परत खिडकीकडे. आई म्हणाली, "पोरीला झोका दे, घरभर फिरवू नको."

अशात पेपरात ती जाहिरात आली. कारभार सुधारण्यासाठी नागरिकांच्या सूचना मागवल्या होत्या. एखाद्या कामाबद्दल नाही, एकूण कारभाराबद्दल! काका तीन रात्री झोपले नसावेत, कारण वर खुर्ची सरकत होती. अकरा पानं झाली. त्यातली मुख्य सूचना अशी, की दर उन्हाळ्यात जुन्या इमारती तपासाव्यात, धोकादायक इमारतींची यादी कार्यालयाच्या दारावरच लावावी, आणि कोणी कितीही मोठा आला तरी लेखी कारणाशिवाय एकही नाव खोडू नये. फॉर्मवर पुढे रकाना होता 'उदाहरण'. तिथे काका अडले. मी म्हटलं, "टाका की समोरची बिल्डिंग. ती तर वाकूनच उभी आहे." काकांनी जीभ चावली. "दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवू नये. उदाहरण आपल्या घरचं द्यावं." आणि त्यांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात आमच्याच बिल्डिंगचं नाव लिहिलं, खाली 'जिन्यालगतचा खांब, ठोकला असता पोकळ आवाज'. मला वाचून दाखवलं. मी काय म्हणावं? मी म्हटलं, "वा काका, काय अक्षर आहे!"

आता पालिकेत पाण्याचं टेबल आहे, रस्त्याचं आहे, सुधारणेचं टेबल कुठे आहे? आवकच्या बाईंनी अर्ज उलटापालटा करून पाहिला, बिल्डिंगचं नाव सापडलं आणि हुश्श करून तो बांधकाम विभागाकडे पाठवला. दीड महिन्याने सकाळी आमच्या दारावर नोटीस. इमारत धोकादायक दिसते, पंधरा दिवसांत रिकामी करावी. सुरुवातीलाच 'अर्जदार यांच्या तक्रारीच्या अनुषंगाने' आणि पुढे काकांचं पूर्ण नाव.

जिन्यात जे रणकंदन झालं ते काय सांगू! तळमजल्याचे फर्निचरवाले सिंधी शेठ, ज्यांच्याकडे काका रोज पाणी प्यायचे, ते डोक्याला हात लावून म्हणाले, "साईं, दुश्मन भी ऐसा नहीं करता. अपने ही घर का कंप्लेंट?" पहिल्या मजल्यावरची बाई रडायलाच लागली. काका पायरीवर उभे राहून पुन्हा पुन्हा सांगत होते, "अहो, ती तक्रार नव्हती. उदाहरण होतं." कोण ऐकतंय? त्या दिवसापासून कोणी त्यांच्याशी बोलेना. आई रोज त्यांना भाकरी-भाजी वर पाठवायची, ती बंद झाली. मी विचारलं तर म्हणाली, "भाऊजींनी माझ्या डोक्यावरचं छप्पर काढलं. आता त्यांनी त्यांचं बघावं." चाळीतल्या एका खोलीतून आई या घरात आली होती. संडास घरात आहे म्हणून पहिल्या दिवशी तिने त्यालाही हळदकुंकू लावलं होतं. तिचं काय चुकलं?

सगळे मिळून आम्ही कार्यालयात गेलो. तिथल्या क्लार्कने फाईल उघडली आणि एक तोड सांगितली. अर्जदाराने खांब पुन्हा तपासला, तो सुस्थितीत आहे, तक्रार मागे घेतो असं लिहून दिलं तर फाईल बंद करण्याचा प्रस्ताव ठेवता येईल. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. काकांशी कुजबुजत का होईना, बोलणारा मी एकटाच उरलो होतो. मी पत्र टाइप करून घेतलं आणि रविवारी दुपारी वर गेलो.

काका बारीक झाले होते. टेबलावर अर्धा पाव होता. त्यांनी चष्मा लावून पत्र वाचलं, दोन ठिकाणी वेलांट्या दुरुस्त केल्या, आणि म्हणाले, "करतो सही. सगळ्यांचं घर आहे. मला काय, मी एकटा. मुलगी कधीची बोलावतेय." मला एवढं हलकं वाटलं की विचारू नका. मग म्हणाले, "पण यात 'पुन्हा तपासला' असं लिहिलंय. चल, तपासू." आम्ही खाली उतरलो. त्यांनी हातोडी काढून माझ्या हातात दिली. "मी नाही. मला आता माझ्या कानांचा भरवसा वाटत नाही. तू ठोक."

मी आधी दाराजवळच्या खांबावर ठोकलं. टण्‌ आवाज आला. मग जिन्यालगतच्या. माठावर टिचकी मारल्यासारखा आवाज. मी थोडं वर ठोकलं, थोडं खाली ठोकलं. कुठेतरी चांगला आवाज यावा म्हणून मी त्या खांबाभोवती फिरत होतो, अक्षरशः विनवण्या करत होतो. काका मान खाली घालून उभे होते. "बत्तीस वर्षांत," ते म्हणाले, "भिडेपोटी एकही नग पास केला नाही मी. आज करतो, तू सांगशील तर. तुझी पोर वर झोपलीय. तू सांग."

मी हातोडी त्यांच्या हातात दिली आणि पत्र घडी करून खिशात घातलं. घरी गेलो, आईला म्हटलं, "सामान बांधायला घे." आई म्हणाली, "भाऊजींनी सही नाही केली?" मी म्हटलं, "ते करत होते. मीच नाही घेतली." आईने पोरीला उचलून माझ्याकडे दिलं. मग तिने पाळण्याच्या दोऱ्या सोडायला सुरुवात केली.

आम्ही अंबरनाथला भाड्याने गेलो, मग चिखलोलीला नव्या बिल्डिंगमध्ये. आमच्या मागोमाग एकेक करत सगळेच निघाले. शिव्या देत निघाले, पण निघाले. काका शेवटी, बदलापूरला मुलीकडे. ती यादी काही कार्यालयाच्या दारावर लागली नाही, अकरा पानांवर 'अर्ज निकाली' असा शेरा पडला, आणि पावसाळ्याआधी बिल्डिंग पाडली. झालं ते एवढंच. पण पुढे शेठ बाजारात भेटले आणि म्हणाले, "साईं, तीन दिन लगे तोड़ने में! इतनी मजबूत थी. बीस साल कुछ नहीं होता." हे ते मला एकट्याला म्हणाले असते तर चाललं असतं. ते सगळ्यांनाच सांगत होते, आणि ते बदलापूरला काकांपर्यंत पोचलं.

मी दर दोन महिन्यांनी त्यांना भेटायला जातो. आई आता न चुकता भाकऱ्या बांधून देते. काका थकलेत. पेपर येतो, पण त्याला खिडक्या नसतात. हातोडी नातीच्या खेळण्यांत पडलेली असते. पाणी पिऊन झालं की इकडेतिकडे बघून ते हळूच विचारतात, "पडली असती ना रे?" मी म्हणतो, "पडली असती काका. शंभर टक्के." खरं सांगायचं तर मला माहीत नाही. चिखलोलीच्या आमच्या कोऱ्या बिल्डिंगचा एक खांब मी कोणी नसताना ठोकून पाहिलाय. तोही काही फार बोलला नाही.

गेल्या खेपेला त्यांनी परत विचारलं, मी परत तेच सांगितलं. त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग उशीखालून वही काढली आणि म्हणाले, "लिहून देशील?" मी लिहिलं, 'बिल्डिंग पडली असती. आम्ही सगळे तुमच्यामुळे वाचलो.' खाली सही केली. काकांनी वही डोळ्यांजवळ नेऊन दोनदा वाचलं आणि ती परत माझ्याकडे दिली.

"तारीख घाल," ते म्हणाले. मी तारीख घातली.