परेडवाले आणि आमचा सुधीर

परदेशात चार मराठी घरं एका गावात राहिली की किस्से आपोआप साठतात, फ्रीजमध्ये उरलंसुरलं साठतं तसे. ऐंशीच्या दशकात नॉर्थ कॅरोलायनातल्या आमच्या छोट्या गावात साठलेले बरेचसे त्या परेडवाल्यांचेच. आता सांगतानाही दमायला होतं.

सुरुवातीला ते पाच-सहा जण होते. लष्करी कपडे घालून पोस्टाबाहेर उभे राहायचे आणि 'हा देश फक्त गोऱ्यांचा' असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. आम्ही हसलो. दोनेक वर्षांत दर शनिवारी मेन स्ट्रीट भरायला लागला. नेमका आमच्या पॉटलकचा, म्हणजे प्रत्येक घराने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाचा वार! सुधीर, म्हणजे गावातला एकमेव हार्टचा डॉक्टर, मसालेभाताचं पातेलं मांडीवर घेऊन गाडीत बसून राहायचा, परेड संपेपर्यंत.

*

ते आमच्या गाड्यांच्या वायपरखाली 'परत जा' अशी पत्रकं खोचायचे. सुधीरच्या बायकोने, नलिनीने, ती स्वयंपाकघरात डब्यांखाली अंथरली.

"कागद चांगला जाड आहे गं," मला म्हणाली.

*

एकदा त्यांच्यातले दोघं थेट सुधीरच्या दारात आले. नलिनी मुलीला घेऊन आतल्या खोलीत कडी लावून बसली. सुधीरने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि ते निघाले तेव्हा आपल्या सवयीप्रमाणे म्हणाला, "या हं परत!" अर्थात इंग्रजीत.

पुढच्या रविवारी आले की हो! नलिनी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

*

शेवटी कोर्टाने त्यांच्यावर बंदी घातली. युनिफॉर्म बंद, बंदुका घेऊन कवायत बंद, परेड बंद. आम्ही श्रीखंड केलं. सगळे खुशीत असताना सुधीरची नऊ वर्षांची मुक्ता इंग्रजीत म्हणाली, "पण ते राहतात इथेच ना?"

नलिनीने तिच्या वाटीत आणखी श्रीखंड वाढलं. सोमवारी सुधीरने ॲरिझोनात, चँडलरच्या हॉस्पिटलमधल्या नोकरीला होकार कळवला.

*

निघायच्या आदल्या आठवड्यात त्याचा एक जुना पेशंट आला. परेडमध्ये सगळ्यांत पुढे झेंडा धरून चालायचा, तोच. कागदी गाउन घालून टेबलावर बसला होता.

"ऐकलं, तुम्ही चाललात," तो म्हणाला. "मग माझ्या हार्टकडे कोण बघणार?"

सुधीरने स्टेथोस्कोप कानातून काढला. "माझ्या जागी यायला तीन डॉक्टरांना विचारलं. तुमच्या परेडचं ऐकून कोणी यायला तयार नाही."

त्याने गाउनची नाडी पुन्हा बांधली. मग म्हणाला, "तुम्ही त्यांना सांगा ना डॉक्टर, इथली माणसं चांगली आहेत म्हणून."