भाजी अक्कांची, भाकरी माझी

मला भोगीची भाजी येत नाही.

लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, नातवंडं झाली, तरी येत नाही. कारण आमच्या घरात संक्रांतीच्या आदल्या दिवशीची ती भाजी फक्त अक्का करायच्या.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. दिवाळी झाल्यावर गेल्या.
आज त्यांच्याशिवायची पहिली भोगी.

नव्वदच्या आसपास लग्न होऊन मी राजारामपुरीतल्या या घरात आले. अक्का निपाणीकडच्या, मला 'तंगी' म्हणायच्या. कन्नडमध्ये तंगी म्हणजे धाकटी बहीण.
पहिल्याच भोगीला त्यांनी सांगून टाकलं,
"तंगी, भाकरी तुझी. भाजीला हात लावायचा न्हाय."

सकाळी डोक्यावरून न्हाऊन, लिंगपूजा आटोपून त्या चिरायला बसायच्या. वांगी, गाजर, पावटा, हरभऱ्याचे ओले दाणे, मूठभर बोरं. वरून तीळ-शेंगदाण्याचं कूट. घरात मिक्सर आला तरी कूट खलबत्त्यातच.

मी परातीबाहेर सांडलेले तीळसुद्धा टिपून पुढच्या भाकरीला लावायचे. त्या हसायच्या.
"अगं, चार तीळ मुंगीला ठेव की! तिचीबी भोगी हाय."

एकदा धीर करून म्हटलं, "अक्का, मला शिकवा की भाजी."
"शिकवतो की. म्हातारी होऊ दे मला."

पुढं दोन हजारच्या सुमारास घरच्या दुकानावरून दोघा भावांत वाजलं. चुली वेगळ्या झाल्या. पुढच्या खोल्या त्यांना, मागच्या आम्हाला. मधल्या दाराला दोन्ही बाजूंनी कड्या.

आम्हा दोघींचं काहीच भांडण नव्हतं. पण आपापल्या नवऱ्याच्या बाजूनं उभं राहायचं म्हणून बोलणं बंद. नळावर समोरासमोर आलो तरी माना खाली.

त्या वर्षीची भोगी आली.

मी न्हाऊन बाजरीचं पीठ मळलं. भाकरी थापत गेले. राळ्याचा भात टाकला, लोणी काढलं.
भाकरीची बुट्टी भरली तेव्हा लक्षात आलं, भाकरी दोन्ही घरांना पुरतील एवढ्या झाल्यात.

आणि भाजी?
भाजीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. घरात एक वांगंसुद्धा नाही. देवाला नैवेद्य काय दाखवू, म्हणून नुसती बसून राहिले.

तेवढ्यात मधल्या दारावर थाप.
"तंगी, कडी काढ."

काढली. पलीकडे अक्का. पदरानं धरलेली भलीमोठी कढई.
"भाकरी हाय का गं? थापायचीच इसरलो मी."
"मी भाजी विसरले, अक्का."

दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. मग त्याच म्हणाल्या,
"बघत काय उभी ऱ्हायलीस? धर की, हात भाजाय लागलेत!"

दोघे भाऊ तोंड फुगवून एका पंगतीला बसले. एकमेकांशी एक शब्द नाही. भाजी मात्र दोघांनी तीन-तीनदा मागून घेतली.

त्या दाराची कडी परत लागली नाही.

पुढच्या वर्षी मी वही घेऊनच बसले. "आता तरी सांगा. लिहून घेते."
अक्का कढई हलवत म्हणाल्या, "शिकवलं तर तू तुझ्या घरात करून खाशील. मग ह्या दारात कोण येणार?"

मी हसले. वही मिटली. त्यानंतर कधी विचारलं नाही. त्या म्हाताऱ्या झाल्या तरी नाही.

आज सकाळी पुण्याहून त्यांच्या सुनेचा फोन. "काकू, आईंच्या भाजीची रेसिपी पाठवा ना."
"मला येत नाही गं."
तिला वाटलं, मी मुद्दाम सांगत नाही.

वांगी, पावटा, बोरं, सगळं आणलंय. चिरूनही ठेवलंय. फोडणी टाकायला हात धजत नाही.

भाकरी मात्र झाल्यात.
आजही दोन्ही घरांना पुरतील एवढ्या.

अक्का, मधलं दार उघडं आहे.
चार तीळ मुंगीला ठेवलेत.

तुमच्या तंगीचा नमस्कार.