झेंडूखालचे पाने

झेंडू आणि ग्रीस यांचा वास एकत्र आला की माझं डोकं अजून तापतं. त्या खंडेनवमीला परळच्या आमच्या चाळीखाली माझी जुनी गाडी बॉनेट उघडून उभी होती. पुढचे दोन्ही शॉकअप वरून एकमेकांना जोडणारा लोखंडी दांडा मला त्याच दिवशी बसवायचा होता, कारण दसऱ्याला मित्रांना घेऊन घाटात जायचं होतं. पण बाबांचे सगळे पाने हळदकुंकू लावून देवापुढे झेंडूखाली ठेवलेले. मिलमध्ये फिटर होते ते. म्हणाले, "आज हत्याराला हात लावायचा नाही. उद्या सकाळी मीच बसवून देतो." मी चडफडत खाली आलो आणि शेजाऱ्यांची पक्कड घेतली. इंजिन आणि पत्र्याच्या फटीत मनगटही वळत नव्हतं. शेवटच्या नटावरून पक्कड सटकत राहिली, तसा मी रागाने आणखी जोर लावत गेलो, आणि नटाचे सगळे कोपरे गेले. आता तो घट्टही होईना आणि निघेनाही. सकाळी बाबांनी कुंकू लागलेला पाना लावला, तो नुसताच गरकन फिरला. त्यांनी नट पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि कानस घेऊन तासभर वाकून, लहान पाना बसेल इतके कोपरे पुन्हा काढले. बोटांची सालटी निघाली. वर म्हणाले, "जा आता, पोरं खोळंबली असतील." पुढे बाबा गेले, गाडीही विकली. हत्यारं आता मी पुजतो, आणि दरवर्षी त्यांच्या फोटोवर मनातल्या मनात खेकसतो: त्या दिवशी एक मुस्काटात द्यायला काय झालं होतं तुम्हाला?