लाल शाईतला ‘का’

मुलांना शिकायची आवडच नसते, असं चहा फुंकत सांगणारा शिक्षक भेटला की माझं डोकं आजही फिरतं. मी त्याला एवढंच विचारते, तुमच्या वर्गात शेवटचा प्रश्न कुणी विचारला होता आणि तुम्ही त्याचं काय केलंत? मग तो विषय बदलतो. हे विचारायचा मला तरी कितपत अधिकार आहे, ते माझं मला ठाऊक.

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. वडनेरच्या पुढे, एसटी सोडते तिथून अर्धा तास पायी, अशा गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते. दोन खोल्या, दोन शिक्षक, हेडमास्तर आणि मी. तिसरी-चौथी माझ्याकडे. दिवाळी झाली की कापसाची वेचणी लागायची आणि वर्ग अर्धा व्हायचा. मी घरोघर फिरले, आयांना समजावलं, मुलांवर डोळे वटारले. काही फरक पडला नाही.

एक दिवस चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, “बाई, एसटीले मांगं दोन-दोन चाकं काऊन राह्यते?”

‘काऊन नाही, का म्हण,’ हे वाक्य माझ्या ओठांवर आलंच होतं. डी.एड.ला आम्हाला तसंच घासूनपुसून तयार केलं होतं. मी मूळची आर्वीची, घरी मीही काऊनच म्हणायची, पण बाई व्हायचं म्हणून तो शब्द जिभेवरून खरवडून काढला होता. त्या दिवशी मात्र मी ती दुरुस्ती गिळली आणि म्हटलं, “मला माहीत नाही गं. उद्या शोधू.” दुसऱ्या दिवशी पोरगी ड्रायव्हरलाच विचारून आली होती. सगळा भार मागं राह्यते, म्हणून. सांगताना काय तिचा रुबाब!

मग मी दाराजवळच्या खिळ्याला सुतळीनं एक वही टांगली. मुलांनीच तिला काऊनची वही नाव दिलं. कुणीही यावं, आपल्या शब्दांत प्रश्न लिहावा. मी मुलांना शब्द दिला होता, या वहीत कुणाचं चुकत नाही आणि बाई यात पेन चालवणार नाहीत. रोज सकाळी एक प्रश्न निघायचा. ज्याचा प्रश्न, त्याच्या हातात खडू. तो फळ्यापाशी उभा राहणार, बाकीच्यांना अंदाज विचारणार, आणि मी मुलांच्यात बसायच्या पट्टीवर बसणार. अर्ध्याअधिक वेळा उत्तर मलाही येत नसे. सुरुवातीला मला त्याची लाज वाटायची, हळूहळू वाटेनाशी झाली. शिक्षकपण मी खरं तर त्या पट्टीवर बसून शिकले.

त्या वर्षी वेचणीत वर्ग रिकामा झाला नाही. ज्याचा प्रश्न निघायचा असे तो येणारच. त्या एसटीवाल्या मुलीनं तर आईशी सौदाच केला होता, दुपारच्या सुट्टीपर्यंत शाळा आणि नंतर वावर. तिची आई मला वाटेत भेटली तेव्हा हसून म्हणाली, “काय वो बाई, वहीत नाव हाये म्हंते अन् पयते.” तिच्या मोठ्या बहिणी दुसरी-तिसरीतूनच सुटल्या होत्या. ही पाचवीला वडनेरला जाईल, अशी मला पक्की आशा लागली होती. आणि तिचा सगळ्यात चांगला प्रश्न तेव्हाच आला: ‘सकाळचा कापूस भारी काऊन राह्यते?’ आम्ही काडीचा तराजू केला. सकाळचा बोंडभर कापूस एका बाजूला, उन्हात ठेवलेला दुसऱ्या बाजूला. काडी कलली आणि ती ओरडली, “दव पेते बाई तो!”

हे सगळं मी ज्यांना सांगायची ते मोठे गुरुजी. तालुक्याच्या मोठ्या शाळेत होते. माझे सरावपाठ त्यांनीच बघितले, खडू कसा धरायचा, वर्गाकडे पाठ न करता फळ्यावर कसं लिहायचं, हे त्यांनीच शिकवलं. शनिवारी दुपारच्या एसटीत भेट व्हायची. ऐकून ते मांडीवर थाप मारायचे. एकदा म्हणाले, “गटसंमेलनात मांडू ना आपन हे. वही दे मले दोन दिवस. अन् आजवर सांगतलं काऊन नाई वं साहेबाले?” गुरुजी स्वतः काऊन म्हणाले, हे मला लख्ख आठवतं. मी वही दिली. वडिलांना देते तशी दिली.

दोन दिवसांचे तीन आठवडे झाले. शिक्षकांचं गटसंमेलन भरलं. विस्तार अधिकारी साहेब पहिल्या रांगेत, आम्ही खेड्यांवरचे मागे. आदर्श पाठ गुरुजींचा होता, विषय ‘जिज्ञासा वही: एक स्वतंत्र उपक्रम’. मला वाटलं, आता माझं नाव घेतील. इस्त्रीचा सदरा घातलेला शहरातला एक मुलगा उठला आणि खणखणीत म्हणाला, “गुरुजी, सकाळी वेचलेला कापूस जड का असतो?” गुरुजींनी एका वाक्यात उत्तर सांगितलं. सगळ्या वर्गानं ते एका सुरात म्हटलं. त्यांची पाठांतरं झालेली होती. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी वाजवल्या. मीही वाजवल्या, सवयीनं. माझं नाव कुठेच आलं नाही. बाहेर मी गुरुजींसमोर उभी राहिले तर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि वही परत दिली. म्हणाले, “वही तपासून ठेवली आहे हो. भाषा फार अशुद्ध होती पोरांची.” साहेब शेजारीच होते, म्हणून गुरुजी शुद्ध बोलले.

मला इतका मोठा दगा आयुष्यात कुणी दिला नव्हता. पुढे काही वर्षांनी तीच जिज्ञासा वही परिपत्रकातून प्रत्येक शाळेवर आली आणि शिक्षक स्वतःच प्रश्न लिहून पानं भरू लागले, तेव्हाही मी जळफळले. पण ते फार नंतरचं.

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी मी वही शाळेत नेली. आत मी पाहिलंच नव्हतं, पाहायची हिंमत नव्हती. सुतळी बांधायच्या आधीच त्या मुलीनं ती माझ्या हातातून घेतली आणि सगळे भोवती गोळा झाले. पानोपानी लाल शाई. प्रत्येक काऊन खोडलेला, वर नीट वळणदार ‘का’. भारीच्या जागी जड. राह्यतेच्या जागी असतो.

मुलीनं पान माझ्यासमोर धरलं. “बाई, तुमीच तं म्हनलं होतं, यात कोनाचं चुकत नाई.”

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण मुलांसमोर मोठ्या गुरुजींना नावं ठेवायची नाहीत, हे माझ्या हाडात मुरलेलं. शिवाय हेडमास्तर दारात उभे होते. मी म्हटलं, “मोठ्या गुरुजींनी तपासलंय. बरोबरच असेल ते.”

ती वही पट्टीवर ठेवून जागेवर जाऊन बसली. नंतर त्या वहीत कुणीही अक्षर लिहिलं नाही. आठवड्यानं तिची जागा रिकामी झाली.

मी वाट पाहिली आणि मग एका रविवारी तिच्या वावरात गेले. आई पलीकडच्या धुऱ्याशी, बांधाजवळ होती. ही कापसासाठी पोटाशी ओटी बांधून आपली पात, म्हणजे वाट्याची ओळ, वेचत होती, दोन्ही हातांनी, बायकांच्या वेगानं. मी तिच्या बाजूनं चालत सांगितलं, की तुझं काहीच चुकलं नव्हतं, गुरुजींनी न विचारता खोडलं, तुझा प्रश्न माझ्या वर्गातला सगळ्यात चांगला प्रश्न होता.

तिचे हात थांबले. “मंग त्या दिवशी काऊन नाई सांगतलं, सगळ्याईसमोर?”

गुरुजींबद्दल इतके दिवस मी मनात जे जे बोलले होते, ते सगळं तिथे कापसाच्या झाडांमध्ये माझ्याच अंगावर आलं. गुरुजींना तिनं कधी पाहिलंही नव्हतं. तिला शब्द दिला होता तो मी.

तिनं थोडा वेळ वाट पाहिली, उत्तराची वाट पाहायची तिला वर्गातली सवय होती. मग खाली वाकली.

“जा बाई तुमी,” ती म्हणाली, “माही पात मांगं राह्यली.”