डाव्या खांद्यावरची रायफल

सुलक्षणा कोळी आणि मी पोलीस भरतीच्या एकाच बॅचच्या. ती माहुलची, मी मुलुंडची. ट्रेनिंगमध्ये आमचे पलंग शेजारीशेजारी होते आणि पुढे पोस्टिंगही उपनगरातल्या एकाच सशस्त्र तुकडीत मिळालं. त्यामुळे तिच्याबद्दल मी जे सांगतेय त्यातलं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलंय.

तिच्या घरामागे खाडी, समोर तेल कंपन्यांच्या टाक्या. बापाची होडी होती. आई, मंजुळाकाकी, घाटकोपरच्या बाजारात मासळी विकायची, अजूनही विकते. लहानपणापासून सुलू आईबरोबर बसून मासळी साफ करायची, आणि सगळं डाव्या हाताने. बोंबील असो की मांदेली, तिचा डावा हात असा काही चालायचा की गिऱ्हाईक बघत उभं राहायचं. पण पानात वाढताना किंवा देवाला फूल वाहताना काकी तिचा हात धरून बदलायला लावायची. सुलूने त्यातून आपली वाट काढली होती. चारचौघांत उजवा, कामाला डावा.

ट्रेनिंगमध्ये रायफल हातात आली तेव्हा तिने उजवा खांदा पुढे केला. चारचौघांतच होतो ना आम्ही. सगळ्या मुली उजव्या बाजूने आडव्या झाल्या, तीही झाली. कोणी काही विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. तिच्या गोळ्या टार्गेटभर विखुरलेल्या असायच्या. कशीबशी पास झाली.

"यार नमिता, माझ्या नजरेतच काहीतरी लोचा आहे," ती म्हणायची. "मी नीट बघते गं, पण गोळी दुसरीकडेच जाते."

तुकडीत आल्यावर दरवर्षीच्या फायरिंगला आम्हाला डोंगराकडच्या रेंजवर नेलं. तिथे रामनाथ गावडे नावाचे हवालदार होते. मूळ मालवणचे, बारीक चणीचे, बोलायला कमी. आमच्या कोतचा, म्हणजे हत्यारांच्या खोलीचा, ताबा त्यांच्याकडे होता आणि फायरिंगही तेच शिकवायचे. सुलूचं टार्गेट बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या नाहीत. तिला बाजूला घेतलं.

"दोन्ही हातांचो त्रिकोण कर. त्यातून तो खांब बघ. आता त्रिकोण हळूहळू तोंडाकडे आण."

सुलूने आणला. तिचे हात सरळ डाव्या डोळ्यावर येऊन थांबले.

"परत कर."

परत डावा डोळा.

गावडेदादा हसले. "तुका उजव्या खांद्यार कोणी बसवल्यान गे?"

सुलू रायफलकडे बघत म्हणाली, "सगळ्याच बसतात ना, दादा."

"सगळे बसूंदेत. तुझो नेमाचो डोळो डावो, हातव डावो. बदल बघू."

तिने खांदा बदलला. मी बाजूलाच होते. खांदा बदलल्यावर तिचं सगळं अंगच वेगळं दिसायला लागलं. ओढाताण गेली. एखादं पोर झोपेत आपोआप कुशीवर वळतं, तशी ती त्या रायफलवर वळली. त्या दिवशी तिच्या गोळ्या पहिल्यांदा एका जागी, तळहाताएवढ्या घेरात लागल्या. ती टार्गेटजवळ गेली आणि त्या भोकांवरून बोट फिरवत राहिली.

त्याच वर्षी पोलिसांच्या नेमबाजी स्पर्धेसाठी महिलांची टीम करायचं ठरलं. गावडेदादांनी सुलूचं नाव दिलं. स्पर्धा एसएलआरवर होती. एसएलआर म्हणजे सेल्फ-लोडिंग रायफल, सेमी-ऑटोमॅटिक. जुन्या थ्री-नॉट-थ्रीला प्रत्येक गोळीमागे बोल्ट ओढावा लागतो, आणि तो बोल्ट उजव्या अंगाला. डावऱ्या माणसाला दर वेळी नेम मोडून हात वरून पलीकडे न्यावा लागतो. एसएलआरमध्ये ती भानगड नाही. एकदा ट्रिगर दाबला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप आत येते. डावऱ्या माणसासाठी याहून चांगलं काय, असं मला वाटलं.

"चांगला आसा," गावडेदादा म्हणाले, "पण ह्या बघ." त्यांनी रायफलच्या उजव्या बाजूची खिडकी दाखवली. रिकामं काडतूस तिथून बाहेर उडतं. उजव्या खांद्याच्या माणसापासून ते लांब जातं. डाव्या खांद्याच्या माणसाचा चेहरा मात्र त्याच बाजूला असतो. तापलेलं पितळ नाकासमोरून जाणार, कधी दंडावर पडणार.

"म्हणान तुझी रायफल तूच निवड," ते म्हणाले. "मी सांगान ती तुझी नाय. गालाक विचार, खांद्याक विचार."

निवडायला कोतच्या दारासमोर चटई घातली आणि गावडेदादांनी रिकाम्या रायफली एकेक करून मांडल्या. काहींचे दस्ते, म्हणजे खांद्याला टेकणारे लाकडी भाग, नवे, चकचकीत पॉलिशचे. एक अगदी जुनी होती, लाकडावर ओरखडे, कडेला टवका गेलेला. सुलू एकेक उचलायची, नळी भिंतीकडे ठेवून डोळे मिटायची, रायफल खांद्याला लावायची, गाल टेकवायची आणि मग डोळे उघडायची. डोळे उघडल्याबरोबर नेम धरायचं मागचं भोक आणि नळीवरची पुढची खूण एका रेषेत दिसली, तर रायफल बाजूला ठेवायची. मान वाकडी करावी लागली, तर परत. लांब दस्त्याच्या दोन तिने लगेच नाकारल्या.

मी म्हटलं, "सुलू, ती नवी घे ना. झकास दिसते."

"दिसते झकास. पण गाल शोधायला लागतो गं."

उरलेल्या तीन घेऊन आम्ही रेंजवर गेलो. गावडेदादांनी मला काम दिलं, काडतूस कुठे पडतंय ते बघायचं. सुलू आडवी झाली. कानात बोळे, डोळ्यांवर चष्मा.

पहिल्या गोळीचा दणका माझ्या छातीत बसला. झाडावरचे पक्षी एकदम उठले. आणि मी ते पाहिलं. सकाळच्या उन्हात एक पिवळीधमक ठिणगी तिच्या डोळ्यांसमोरून उडाली, हवेत गिरकी घेऊन खाली आली. त्या एवढ्याशा पितळातून केवढी ताकद सुटली असेल, आणि ती माझ्या मैत्रिणीच्या एका बोटाच्या हुकमात होती! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. हत्यार मीही चालवत होते, पण स्वतः चालवताना माणसाला ते दिसत नाही.

पहिल्या रायफलचं काडतूस तिच्या उजव्या दंडावर पडत होतं. दुसरीचं अगदी भुवईजवळून मागे यायचं, तिची पापणी दर वेळी हलायची. तिसरी ती ओरखड्यांची, जुनी. तिचं काडतूस पुढे, तिरकं, लांब गवतात जाऊन पडलं. गावडेदादांनी धक्क्याचा जोर कमी-जास्त करणारी, नळीजवळची गॅसची चकती किंचित फिरवली आणि परत मारायला सांगितलं. धक्का मऊ झाला, काडतूस तरीही पुढेच गेलं.

सुलूने रायफल खाली ठेवली. "दादा, हीच."

"ही? हिका कोण घेणा नाय."

"तरी हीच."

मान हलवत ते गेले, पण मला वाटतं ते खूश होते.

त्यानंतर सराव. ती ड्युटी करून यायची आणि रिकाम्या रायफलवर नुसता श्वास शिकायची. घ्यायचा, अर्धा सोडायचा, थांबायचं. मला कंटाळा यायचा बघून. तिला यायचा नाही.

निवड चाचणीच्या दिवशी जे झालं ते मी कधी विसरणार नाही. वारा सुटला होता. सगळ्या मुली ओळीत आडव्या होत्या, सुलूच्या डाव्या हाताला आमच्या तुकडीतली जान्हवी, उजव्या हाताला जरा पुढे वाळूच्या पोत्यांची रास होती. तिची गोळी सुटली, काडतूस पुढे उडालं, पोत्याच्या कडेला आपटलं आणि उलट येऊन तिच्या कॉलरमधून आत गेलं. मी मागच्या रेषेवर उभी होते, मला स्पष्ट दिसलं. ते काडतूस चटका देत नाही, भाजतं. मी स्वतः एकदा एक चुकून उचललं होतं, फोड आला होता. माझ्या तोंडून किंकाळी निघणार होती, मी हाताने तोंड दाबलं. अशा वेळी माणूस दचकून उठतो, वळतो, आणि भरलेली रायफल त्याच्याबरोबर वळते. बाजूला आडव्या मुली होत्या.

सुलू हलली नाही. तिची मान लाल झाली, जबडा आवळला गेला. नळी टार्गेटकडे होती तिथेच राहिली. तिने बोट ट्रिगरवरून काढून बाहेर सरळ केलं. सेफ्टी लावली. मॅगझिन काढलं, आतली गोळी बाहेर काढली, चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी बघितलं, रायफल नळी पुढे ठेवून जमिनीवर ठेवली आणि हात वर केला. मग कॉलरमध्ये हात घातला.

गावडेदादा धावत गेले. मीही गेले. तिच्या गळ्याच्या हाडाखाली काडतुसाच्या आकाराचा डाग उठला होता, कडा पांढऱ्या पडलेल्या. मी पाणी ओतत होते.

"कशी राहिलीस गं? कशी?"

"बाजूला जान्हवी होती ना," ती म्हणाली.

गावडेदादा जमिनीवर ठेवलेल्या रायफलकडे बघत राहिले. मग त्यांनी टोपी काढून हातात घेतली. इतक्या वर्षांत त्यांना तसं करताना मी तेव्हाच पाहिलं.

तिला परत गोळ्या मारायची संधी दिली. मलम लावून, कॉलरला रुमाल गुंडाळून तिने मारल्या. टीममध्ये आली. स्पर्धेत पहिली नाही आली, पदकही नाही मिळालं. पुढच्या वर्षी कांस्य मिळालं. आता गावडेदादा निवृत्त होऊन गावी गेलेत आणि नव्या बॅचला रेंजवर सुलू शिकवते. सगळ्या मुलींना ती आधी त्रिकोण करायला लावते, खांदा नंतर. दर बॅचमध्ये एखादी तरी डाव्या डोळ्याची निघतेच.

गेल्या जानेवारीत पोलिसांनी घाटकोपरच्या एका मैदानात लोकांना हत्यारं बघायला ठेवली होती. टेबलावर रायफली, मागे आम्ही. बाजार आटपून मंजुळाकाकी आली, डोक्यात अबोलीचा गजरा. टेबलाजवळ उभी राहिली, पण हात लावेना.

"ही तुजी का गो?"

"हो आये. धर ना, रिकामी आहे."

काकीने पदराला हात पुसले आणि दोन्ही हातांनी रायफल उचलली. उभा जन्म मासळीच्या टोपल्या डोक्यावर वाहिलेली बाई, वजनाचं तिला काय! तरी तिचा चेहरा बदलला. ती रायफल तिने अंगापासून जरा लांब धरली, आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. गर्दी मागून पुढे ढकलत होती, तरी कोणी तिला घाई केली नाही.

"कोनाला मारलंस का हिने?" तिने हळूच विचारलं.

"नाय आये. कधीच नाय."

काकीने मोठा श्वास सोडला. रायफल हलकेच टेबलावर ठेवली, मग वाकून त्या जुन्या लाकडाला हात लावून तो हात कपाळाला लावला. सुलू तिच्याकडे बघत ताठ उभी होती.