वरण लागलं नव्हतं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवरा होता तेव्हा त्याच्याजवळही नाही — त्याला सकाळी सांगितलेलं दुपारी नवापूरच्या बाजारात पोचायचं. चर्चमध्ये डोळे मिटून आपापल्या चुका मनात सांगायच्या असतात, तिथेही मी बाकीच्या सांगते आणि हिच्यावरून उडी मारते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि माझ्या हातचं वरण तुम्ही खाल्लेलं नाही — निदान त्या दिवशीचं तरी.

मी शाळेत स्वयंपाक करायचे. नवापूर तालुक्यात, गुजरातच्या हद्दीला लागून आमचं गाव. मुलांची खिचडी मीच शिजवायचे. आणि आमची केंद्रशाळा, त्यामुळे आजूबाजूच्या शाळांतल्या मास्तर लोकांचं प्रशिक्षण असलं की त्यांचंही जेवण माझ्याकडेच. मी चौथी शिकले. पुढे शाळा लांब होती आणि गुरं जवळ होती.

मास्तरांना कसलं शिकवायचं, ते तर शिकूनच आलेले — असं मला आधी वाटायचं. मग पाहिलं, त्यांनाही बाकावर बसवतात, आणि तेही पोरांसारखेच मागच्या बाकासाठी ढकलाढकली करतात. गणिताच्या प्रशिक्षणाला तर जास्तच. गणित म्हटलं की मागचा बाक आधी भरतो, मग माणूस सहावीतला असो नाहीतर निवृत्तीला आलेला.

त्या वेळी आमच्याकडे वैशाली मॅडम नवीन होत्या. शहाद्याकडच्या, घरी अहिराणी बोलणाऱ्या. अंगाने काडी, पण आवाज नदीपलीकडे जायचा. त्यांना एकच ध्यास लागलेला — गणिताची सुलभक व्हायचं. म्हणजे इतर शिक्षकांना शिकवणारी शिक्षक. त्यासाठी प्रशिक्षणात सगळ्यांपुढे एक पाठ घेऊन दाखवायचा, आणि धुळ्याकडून येणारे तज्ज्ञ सर तो बघून एकाची निवड करायचे. आमच्या शाळेतले मोठे गुरुजी त्यांना चिडवायचे, "पोरी, आधी वर्गातली पोरं सांभाळ, मग आम्हाला सांभाळ." मॅडम नुसत्या लाल व्हायच्या.

पाठ ठरला अपूर्णांकांच्या भागाकाराचा. अर्ध्याला पावने भागलं की उत्तर दोन. पोरांना सांगतात, खालचं वर कर, वरचं खाली कर आणि गुणाकार कर. का ते कुणी सांगत नाही. मॅडम ते भाकरीवर दाखवणार होत्या. आणि भाकरी कुणाकडे? माझ्याकडे. म्हणून रोज मुलं जेवून गेली की त्या स्वयंपाकघरात यायच्या, माझ्या टोपलीतली एक भाकरी घ्यायच्या, आणि मी त्यांचा वर्ग व्हायचे.

भाकरी मोडून अर्धी पुढे ठेवायच्या. "मावशी, ही अर्धी. हिच्यातून पाव-पाव किती निघतात? दोन. म्हणून अर्धी भागिले पाव बरोबर दोन. समजनं ना?"

"हाव," मी म्हणायचे. "समजलं."

काही समजलं नव्हतं. खरं सांगू? माझ्या डोक्यात एकच किडा वळवळायचा — दोन काय? दोन भाकरी? अर्धी भाकरी वाटायला घेतली आणि दोन झाल्या? जन्मभर मी भाकरी वाटत आले, वाटून वाढलेली एकदाही बघितली नाही. तसलं वाढणं मी फक्त चर्चमध्ये ऐकलंय, पाच भाकरींत पाच हजार माणसं जेवली ते, आणि तिथे त्याला चमत्कार म्हणतात, भागाकार नाही.

मग विचारलं का नाही? काय जात होतं माझं? पण झालं असं, की पहिल्याच दिवशी मी 'समजलं' म्हटल्यावर मॅडमनी टाळ्या वाजवल्या. "मावशी, किती हुशार हो तुम्ही!" मला लोकांनी खमकी म्हटलंय, तोंडाळ म्हटलंय, सासूने तर बरंच काही म्हटलंय — हुशार कुणी म्हटलं नव्हतं. तो शब्द गुळाच्या काकवीसारखा चिकटला. दुसऱ्या दिवशी 'नाही समजलं' म्हटलं असतं, तर तो परत द्यावा लागला असता ना? मग काय, मी रोज समजत गेले. एक दिवस तर मान डोलावता डोलावता "वा!" सुद्धा म्हणाले. ते 'वा' जरा जास्तच झालं.

प्रशिक्षणाच्या दिवशी वर्गाच्या खिडकीबाहेर तीन दगडांची चूल मांडली होती. मोठ्या पातेल्यात वरण. आमच्या नवापूरची तूर — तिच्या वासाने माणूस रस्ता सोडून आत येतो. मी पळी फिरवत होते आणि कान खिडकीत. मॅडमनी भाकरी मोडली. आवाज ठणठणीत. सगळं झकास चाललेलं, तेवढ्यात मागच्या बाकावरून मोठे गुरुजी म्हणाले,

"दोन काय, मॅडम? दोन भाकरी? मग उद्यापासून माझ्या घरी अर्धीच पाठवा!"

सगळे मास्तर हसले. बायकाही हसल्या. माझी पळी मात्र थांबली. हा माझा प्रश्न होता! इतके दिवस माझ्या तोंडात पडून राहिलेला. मी तो चुलीपुढे विचारला असता, तर मॅडम अडखळल्या असत्या ते माझ्यापुढे — घरी जाऊन विचार केला असता, उत्तर तयार ठेवलं असतं. आता त्या सगळ्यांसमोर उभ्या, हातातली अर्धी भाकरी उलटीसुलटी करत. शेवटी म्हणाल्या —

"सर, आमच्या स्वयंपाकाच्या मावशी चौथी शिकल्यात. त्यांना एका भाकरीत समजलं! तुम्हीच विचारा त्यांना."

"बोलवा की," तज्ज्ञ सर म्हणाले. थट्टेने नाही. त्यांना खरंच ऐकायचं होतं.

मॅडम धावत बाहेर आल्या, माझा हात धरला. जत्रेत हरवलेल्या पोराला आई दिसावी तसा चेहरा. "चला मावशी. जसं समजलं तसं सांगा, बस."

मी दारापर्यंत गेले. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सरांनी ती अर्धी भाकरी माझ्यापुढे केली. आणि मी काय केलं? "अगंबाई, वरण लागलं!" म्हणाले आणि पदर खोचून उलटी पळाले.

वरण लागलं नव्हतं.

वरण छान रटरटत होतं. आणि आता खरी भानगड पुढे — हेच वरण मी दुपारी चांगलं वाढलं, तर खोटं उघडं पडणार नाही का? म्हणून मी चुलीत बाभळीचं एक जाड लाकूड सारलं, पळी बाहेर काढून ठेवली, आणि उकिडवी बसून वाट बघत राहिले. तुम्ही कधी चांगलं अन्न मुद्दाम जाळलंय? सोपं नसतं. हात आपोआप पळीकडे जातो. मी दोन्ही हात काखेत दाबून धरले. आत मॅडम कसाबसा पाठ संपवत होत्या, आणि मी बाहेर करपल्याचा वास कधी येतो म्हणून नाक वर करून बसलेले. आला तेव्हा हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू — त्या घटकेला मॅडमपेक्षा मला तुरीचं जास्त वाईट वाटत होतं.

सगळ्यांनी ते कडू वरण खाल्लं. तज्ज्ञ सरांनी वाटी पुढे केली, वास घेतला, आणि हळूच विचारलं, "मावशी, वरण आधी लागनं का नंतर लागनं?"

"जेवा सर, भात गार होतोय."

ते हसले. भात कालवायला लागले. संध्याकाळी निवड झाली ती मोठ्या गुरुजींची. पाठात बरोबर जागी बोट ठेवलं म्हणे. गुरुजींना बिचाऱ्यांना ते नकोच होतं, "अरे, मी गंमत केली होती!" असं ओरडत होते. आणि जिला हवं होतं ती माझ्याजवळ येऊन बसली, पातेल्याचं बूड खरवडायला लागली.

"मावशी, माझ्यामुळे तुमचं वरण गेलं," ती म्हणाली. "नको त्या वेळी बोलावलं मी तुम्हाला."

तिथे बोलायचं होतं. अंगणात दुसरं कुणी नव्हतं. एका वाक्याचं काम होतं. मी काय म्हणाले माहीत आहे? "असू दे बाई, होतं कधी कधी." माफ केलं मी तिला! आणि वर सांगितलं, "राख जरा जास्त घे, तशी नाही निघायची."

मॅडम जिद्दीच्या. पुढे त्यांची बदली मोलगीकडे झाली, डोंगरात. तिथे राहून त्या सुलभक झाल्याच. 'दोन काय' याचं उत्तरही त्यांनी शोधलं असणार. मी विचारलं नाही. आता त्या जिल्हाभर शिक्षकांना गणित शिकवतात, आणि मोलगी असो की अक्कलकुवा, दरवेळी एक गोष्ट सांगतात — चौथी शिकलेल्या एका मावशीची, जिला चुलीपुढे एका भाकरीत भागाकार समजला. शिक्षक माना डोलावतात. मग आपापल्या शाळेत जाऊन तीच गोष्ट पोरांना सांगतात. म्हणजे माझं खोटं आता प्रशिक्षण घेतलेलं आहे.

मागच्या हिवाळ्यात त्या आमच्या शाळेत आल्या. मला घरून बोलावून घेतलं, सगळ्यांपुढे शाल दिली. "ही माझी पहिली विद्यार्थिनी," म्हणाल्या, आणि डोळे पुसले. मी शाल घेतली. दोन शब्द बोला म्हणाले, तर मी घसा बसलाय म्हणून सांगितलं. मग घरी पोचेपर्यंत भेटेल त्याच्याशी खरखर काढत बोलावं लागलं. शाल चांगली आहे. लोकरीची.

परवा माझी नात रोशनी शाळेतून आली. मी भाकरी थापत होते, ती दप्तर टाकून समोर बसली.

"आजी, आज सरांनी तुझी भाकरी शिकवली."

"मग? समजलं का?"

"सर म्हणाले, चौथी शिकलेल्या मावशीला समजतं, तुम्हाला समजणार नाही होय? मग सगळी पोरं माझ्याकडेच बघायला लागली."

"अगं पण समजलं का तुला?"

"हो."

तो 'हो' मी ओळखते. तोकडा असतो, आणि बोलताना डोळे दुसरीकडे असतात. मी तव्यावरची भाकरी काढली, मोडली, अर्धी तिच्यापुढे ठेवली. "सांग मला."

तिने भाकरीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. खांद्यावरच्या शालीकडे पाहिलं. आणि एकदम उठली — "आजी, बकरी सुटली वाटतं!" — बाहेर पळाली.

मी दाराआडून बघितलं. बकरी खुंट्याला बांधलेली, निवांत पाला खात होती. रोशनीने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, खाली वाकली आणि दोर सोडला. वर बकरीच्या ढुंगणावर एक चापटही दिली, चांगली लांब जावी म्हणून.

पोरीला एवढंच सांगायचं होतं — तुझ्या आजीला समजलं नव्हतं. चूल तीच, भाकरी तीच, ऐकणारं दुसरं कुणी नाही. जीभ कुठे अडली होती?

मी दारात आले. "अगंबाई, खरंच सुटली की!" म्हणाले, आणि शाल सावरत तिच्या मागे धावले.