आवाज जरा बारीक करा, मॅडम!

डॉप्लर, म्हणजे रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, करणाऱ्या डॉक्टरकडे किस्से साठतातच. अंगावर मशीनचा प्रोब टेकवला की त्यातून रक्त वाहण्याचा आवाज येतो, आणि तो ऐकला की पेशंट बोलायला लागतो! चांगली रक्तवाहिनी ठाम ठोके देते, अरुंद झालेली सूं सूं शिटी मारते. सुई नाही, कापाकापी नाही. सकाळी विठ्ठलवाडीचं क्लिनिक, संध्याकाळी वर्तकनगरचं, दिवसभर हेच ऐकते मी. घरी नवरा विचारतो, "टीव्ही लावू?" मी म्हणते, "लाव, पण म्यूटवर!"

*

टिटवाळ्याच्या एक काकू. मानेवर प्रोब ठेवला तशा दचकल्या.

"बाई, आवाज बारीक करा. बाहेर सून बसलीय."

"काकू, नुसतं रक्त वाहतंय हे."

"असू दे. माझ्या आतलं काही तिला कळायला नको!"

*

एक आगरी दादा. घरच्या भातशेतीवर आता टॉवर उभे. चाललं की पोटरी भरून यायची. पायातली शिटी ऐकून पार घाबरले. तेवढ्यात माझा फोन वाजला म्हणून मी व्हॉल्यूम कमी केला, तर हे खुशीत उठूनच बसले!

"झाला ना बरा?"

"दादा, मी फक्त आवाज कमी केला."

"मंग तोच तं तरास व्हता! आता सिगरेट चालेल ना?"

*

डोंबिवलीचे एक रिटायर्ड काका. उजव्या कानात सतत सूं सूं. काकूंची पक्की खात्री, हे आपलं बोलणं टाळायचं निमित्त.

मानेवर प्रोब ठेवला आणि तोच आवाज खोलीभर झाला. काका ओरडले, "हाच! हाच तो!"

काकूंचा चेहरा उतरला. "म्हणजे खरंच ऐकू यायचा यांना?"

मी म्हटलं, रक्तवाहिनी बरीच अरुंद झालीय, आजच सर्जनना दाखवा. काकू गुपचूप काकांच्या कॉलरचं बटण लावायला लागल्या.

"आणि माझं बोलणं?"

"ते पण यायचं गं," काका म्हणाले.

*

कल्याणचे एक बाबा आलेले, मुलगा सचिन सोबत. दोन्ही पाय गार, बोटं काळी पडायला लागलेली. मी प्रोब फिरवत राहिले, पण आवाजच नाही. शिटी परवडली, ही शांतता नको वाटते. त्यांना तसंच ऑपरेशनला पाठवलं.

पाय वाचले. पुन्हा तपासलं तेव्हा उजव्या पावलात छान ठोके, डाव्यात ठोक्यांबरोबर किंचित सूं सूं. बाबा हसायलाच लागले. सचिनने मोबाइलवर रेकॉर्ड केलं. "आईला ऐकवतो."

काही महिन्यांनी सचिन एकटाच आला. नंबर लावून बसून राहिला. आत आला तेव्हा डोकं भादरलेलं.

"बाबा गेले, मॅडम. झोपेतच."

त्याने मोबाइल पुढे केला. "एवढंच विचारायचं होतं. हा डाव्या पायाचा आवाज, की उजव्या?"

मी मोबाइल कानाला लावला. शेवटपर्यंत ऐकलं. ठोक्यांबरोबर किंचित सूं सूं.

"डाव्या."

"थँक्यू, मॅडम," तो उठत म्हणाला. "आई विचारत होती."